भजनी मंडळापासून ग्रामसभेपर्यंत: गावातला एक प्रश्न तडीस कसा न्यावा

गावाच्या कामासाठी बैठक बोलावली की पंधरा माणसं येतात आणि त्यातली दहा ठरलेली असतात. त्याच गावात सप्ताहाच्या काल्याला अख्खं गाव पंगतीला बसतं, शुक्रवारच्या नमाजाला मशीद भरते, पौर्णिमेच्या वंदनेला विहारात आजीपासून नातीपर्यंत सगळ्या येतात. म्हणजे माणसं जमतात. ती कामासाठी का जमत नाहीत, हा खरा सवाल आहे. श्रद्धास्थानात रोजची सवय असते, एकमेकांची ओळख असते आणि बोलावणाऱ्यावर विश्वास असतो. कामाच्या बैठकीत यातलं काहीच नसतं.

हे बळ पाण्याच्या, रस्त्याच्या, दारूच्या प्रश्नाकडे कसं वळवायचं, त्याची ही पद्धत. सगळीकडे पाळायचा एक भेद सुरुवातीलाच सांगतो: माणसं भाविक म्हणून जमतात, पण ग्रामपंचायतीकडे किंवा तहसीलदाराकडे मागणी करताना ती मतदार आणि रहिवासी म्हणून सही करतात. हा भेद पुसला गेला की कायदा आडवा येतो, दुसऱ्या धर्माची माणसं बाजूला होतात आणि समोरच्या अधिकाऱ्याला ‘हा धार्मिक विषय आहे’ म्हणून हात झटकता येतात.

महाराष्ट्राला हे नवं नाही. गाडगे महाराज (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात दारू, कर्ज, अस्वच्छता यांवर लोकांनाच प्रश्न विचारायचे. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरी भजन आणि सामुदायिक प्रार्थनेभोवती गावोगावी माणसं बांधली. अमेरिकेत वस्त्यांमधल्या लोकांचं संघटन करणारे सॉल अलिन्स्की यांनी १९३९ साली शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत चर्च आणि कामगार संघटना एकत्र आणल्या. पुढच्या वर्षी त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या परंपरेत एकेका माणसाशी निवांत बोलून संघटन बांधण्याची शिस्त तयार झाली. ती शिस्त आपल्याकडे सहसा नसते. आपल्याकडे थेट भाषण सुरू होतं.

आधी बघा, कोण आत येत नाही

याच महाराष्ट्रात देवळाचं दार उघडावं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह करावा लागला आणि १९४७ साली साने गुरुजींना पंढरपूरला उपोषणाला बसावं लागलं. तेव्हा श्रद्धास्थान म्हणजे सगळं गाव, असं धरून चालू नका. कागदावर गावाचा कच्चा नकाशा काढा. त्यात सगळी श्रद्धास्थानं मांडा: मारुतीचं देऊळ, विठ्ठल मंदिर, विहार, मशीद, दर्गा, चर्च, गुरुद्वारा, वाडीवरचं म्हसोबाचं ठाणं. मग प्रत्येक गल्लीतली घरं यातल्या कुठे जातात ते लिहा. जी घरं कुठेच जात नाहीत, त्यांच्यावर वेगळी खूण करा. पारधी, भटक्या जमाती, वीटभट्टीवरची कुटुंबं, ऊसतोडीला जाणारी घरं बहुतेक वेळा याच खुणेत सापडतात. पाणी, रेशन, रस्ता यांची सर्वात मोठी अडचणही तिथेच असते.

बायकांचं गणित वेगळं लावा. भजनी मंडळात पुढे पुरुष बसतात, पण हरिपाठाला, हळदीकुंकवाला, वर्षावासातल्या ग्रंथवाचनाला बायका स्वतःच्या पायांनी येतात. मशिदीत बायका येत नसतील, तर त्यांच्या मोहल्ल्यात कुणाच्या घरी त्या जमतात ते शोधा. फक्त पुरुषांच्या जागा धरून बांधलेली समिती पाण्याच्या प्रश्नावर हमखास फसते, कारण हंडा कोण उचलतं हे तिला ऐकूनच माहीत असतं.

हे काम चालवणारा गट ८ ते १२ जणांचा ठेवा. प्रत्येक श्रद्धास्थानातून किमान दोघं, निम्म्या बायका, आणि खूण केलेल्या घरांपैकी किमान दोघं. विश्वस्त, पुजारी, मौलाना, भंते, फादर यांना गटात घ्यायलाच हवं असं नाही, पण त्यांना आधी भेटा. त्यांच्या कानावर बातमी तिसऱ्याच माणसाकडून गेली की पुढचे सहा महिने समजूत काढण्यात जातात. सप्ताहाचं नियोजन करणाऱ्यांकडे विशेष लक्ष द्या. वर्गणीची वही कुणाकडे असते, भाकरी कुणाच्या घरून किती यायच्या हे कोण ठरवतं, मंडप कोण उभा करतं? माईकवर कधी न येणारी ही माणसं संघटनाच्या कामाला सर्वात उपयोगी पडतात. वर्गणीच्या वहीत गावाची घरवार यादी तयार असते, पण ती सप्ताहाच्या समितीला विचारल्याशिवाय वापरू नका. देवासाठी दिलेलं नाव दुसऱ्या कामासाठी वापरलं, हे लोक विसरत नाहीत.

गाठीभेटी

पहिले सहा आठवडे सभा घेऊ नका. गटातल्या प्रत्येकाने आठवड्याला दोन घरं करायची. आठ माणसं असतील तर सहा आठवड्यांत ९६ भेटी होतात आणि मध्यम आकाराच्या गावाला तेवढ्या पुरतात. भेट अर्ध्या-पाऊण तासाची. दोघांनी जाऊ नये, समोरचा मोकळं बोलत नाही. फॉर्म, सर्व्हेचा कागद, मोबाइलचा कॅमेरा काही काढायचं नाही. वही घराबाहेर पडल्यावर उघडायची.

विचारायचं इतकंच:

– रोजच्या जगण्यात कशाने सगळ्यात जास्त जीव मेटाकुटीला येतो?
– त्यासाठी शेवटचं कुणाकडे गेला होता, आणि उत्तर काय मिळालं?
– तुमच्यासारखंच आणखी कुणाला सोसावं लागतंय?
– आणखी कुणाशी बोलू?

दुसरा प्रश्न सोडू नका. ‘पाणी येत नाही’ ही तक्रार झाली. ‘मागच्या महिन्यात दोनदा पंचायतीत गेले, शिपाई म्हणाला साहेब नाहीत’ ही माहिती झाली. चौथ्या प्रश्नाने पुढची भेट मिळते. दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. आश्वासन देऊ नका (‘बघतो, करून टाकू’), आणि उपदेश करू नका. भेटीत तुम्ही एक तृतीयांशापेक्षा जास्त बोललात, तर ती भेट वाया गेली असं समजा. वहीत नाव, गल्ली, तारीख, त्या माणसाच्या तोंडचं एक वाक्य आणि तो स्वतः काय करायला तयार आहे, एवढंच लिहा. शेवटची नोंद लोक विसरतात आणि पुढे तीच लागते. कुणी अर्ज लिहून देईल, कुणाकडे गाडी आहे, कुणाचा भाचा पंचायत समितीत आहे.

दर पंधरा दिवसांनी गटाने वह्या एकत्र वाचायच्या. एकच गोष्ट तीन वेगळ्या गल्ल्यांतून, तीन वेगळ्या श्रद्धास्थानांच्या माणसांकडून आली की ती बाजूला काढून ठेवा.

गाऱ्हाण्यातून मागणी काढणे

‘व्यसनमुक्ती’, ‘पाणीटंचाई’, ‘तरुणांना काम’ ही गाऱ्हाणी आहेत. त्यांना हो किंवा नाही म्हणता येत नाही, म्हणून कुठलाही अधिकारी त्यांना आनंदाने हो म्हणतो. मागणीला चार गोष्टी लागतात: काय, कुठे, कोणी करायचं, कधीपर्यंत. ‘वरच्या आळीच्या टाकीचा नादुरुस्त व्हॉल्व्ह बदलून ४२ घरांना एक दिवसाआड तासभर पाणी द्यावं, ग्रामपंचायतीने, महिनाअखेरपर्यंत’ ही मागणी झाली.

पहिली मागणी तीन-चार महिन्यांत पदरात पडेल एवढीच घ्या. मोठा प्रश्न लोकांना माहीत असतोच, पण आपण मिळून काही मिळवू शकतो याचा अनुभव नसतो, आणि तो आधी यावा लागतो. पहिल्याच झेपेत जिल्ह्याच्या धोरणावर उडी घेतलेले गट वर्षभरात विरतात. दुसरी कसोटी अशी की या मागणीने गावातली कुठली दोन श्रद्धास्थानं एकमेकांसमोर उभी राहतील का? राहणार असतील तर ती पहिली मागणी नको. मंदिराच्या वाटेतलं अतिक्रमण, भोंग्याचा आवाज, स्मशान आणि कब्रस्तानची जागा हे प्रश्न खरे असतात, पण नव्या गटाला ते पेलत नाहीत.

कागद आधी, माणसं मागून

मागणी ठरली की गटातल्या तिघांनी दोन-तीन आठवडे फक्त माहिती काढायची. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचा विकास आराखडा आणि खर्च पाहता येतो. तिथून सुरुवात करा. पाण्याचा विषय असेल तर जल जीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे साधारण अठरा हंडे. प्रत्यक्षात किती मिळतं ते सलग सात दिवस दहा घरांत मोजून लिहा. ‘पाणी कमी येतं’ म्हणणाऱ्या पन्नास माणसांपेक्षा हा एक तक्ता बैठकीत जास्त काम करतो, कारण त्यावर वाद घालायला समोरच्याला स्वतः मोजावं लागतं. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असायला हव्यात. त्यांची नावं मिळवा. काही गावांत आपण समितीत आहोत हे त्या बाईलाच ठाऊक नसतं.

जे तोंडी मिळत नाही, ते माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. ‘पाणी योजनेची सगळी माहिती द्या’ असं लिहाल तर काहीच हाती येणार नाही. कामाचा आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि देयकं, अशी कागदांची नावं घ्या. अर्ज व्यक्तीच्या नावाने द्या, मंडळाच्या किंवा ट्रस्टच्या लेटरहेडवर नाही. माहितीचा हक्क कायद्याने नागरिकाला दिला आहे.

मग ठरवा, हो म्हणायचा अधिकार खरोखर कुणाकडे आहे. लोक सरपंचाला धारेवर धरतात आणि फाइल गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलावर असते. त्या माणसावर कुणाच्या शब्दाचा परिणाम होतो हेही त्याच कागदावर लिहा. गाठीभेटींच्या वह्यांत यातली निम्मी उत्तरं आधीच असतात.

ग्रामसभा

खेड्यात सगळ्यात बळकट व्यासपीठ ग्रामसभेचं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार ती वर्षाला किमान चार वेळा होते. बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास. गणपूर्ती (कोरम) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. ती कागदोपत्री उरकली जाते, आणि तुमच्या गटाला खरी संधी तिथेच असते. हरिपाठाला येणाऱ्या चाळीस बायका महिला ग्रामसभेला आल्या आणि त्यांनी ठराव लिहून घेतला, तर दुसऱ्या दिवशी मुख्य सभेत तो विषय टाळणं कुणालाच सोपं जात नाही.

काय करायचं ते क्रमाने सांगतो. सभेची नोटीस निघायच्या आधीच विषय कार्यसूचीत घ्यावा म्हणून सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आयत्या वेळच्या विषयात घुसवलेली मागणी चर्चेत विरते. ठरावाचा मसुदा तुम्हीच लिहून न्या, दोन-तीन वाक्यांचा: सूचक, अनुमोदक, काय करायचं, कोणी, कधीपर्यंत. बोलणारे तिघंच ठरवा. एकाने तक्ता वाचायचा, एका बाईने आपल्या घरचं सांगायचं, एकाने मसुदा वाचून ‘हा ठराव मंजूर आहे का’ असं विचारायचं. प्रत्येकी तीन मिनिटं. समोरून ‘विचार करू’ आलं तर तोच प्रश्न शांतपणे पुन्हा: कोणत्या तारखेला? चौथा माणूस फक्त लिहायला. इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा, आणि नंतर त्याची प्रत मागा. वहीत नसलेला ठराव झालाच नाही असं धरलं जातं. कोऱ्या पानावर सह्या घेऊन मजकूर नंतर लिहिण्याचा प्रकार दिसला, तर सही करतानाच सहीखाली आडवी रेघ मारून तारीख टाका.

शंभर माणसं हवी असतील तर दोनशे जणांनी ‘येतो’ म्हटलेलं असावं लागतं. सरसकट निरोपाने काम होत नाही. गटातल्या दहा जणांनी प्रत्येकी वीस नावं घ्यायची, आदल्या दिवशी घरी जाऊन आठवण करायची आणि सभेला येताना त्यांतल्या चौघा-पाचांना सोबत आणायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा हजेरीत धरू नका. पेरणी, काढणी, ऊसतोड, आषाढी वारी, रमझानचे शेवटचे दहा दिवस आणि लग्नसराईतले दाट तिथीचे दिवस टाळा. सभेची तारीख हातात नसली, तरी आपल्या तयारीची तारीख हातात असते.

दारूचं दुकान: आकड्यांचा खेळ

श्रद्धास्थानांतून सगळ्यात जास्त उचलला जाणारा प्रश्न दारूचा, म्हणून थोडं सविस्तर. गावठी किंवा विनापरवाना दारू बंद करायला मतदान लागत नाही. ती मुळातच बेकायदा आहे, तिथे पोलीस, राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि ग्रामरक्षक दल हा मार्ग. परवानाधारक दुकान बंद करायचं असेल, तर २००८ सालच्या राज्य शासनाच्या आदेशानुसार मतदानाची वाट आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. बंद होण्यासाठी नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त पडून भागत नाही. बऱ्याच गावांची गाडी इथेच अडते.

उदाहरण घ्या. यादीत १,१६० महिला मतदार आहेत. अर्जाला २९० सह्या लागतील आणि जिंकायला ५८१ मतं. मतदान ६० टक्के झालं तर ६९६ बायका येतील, आणि त्यांतल्या शंभरात त्र्याऐंशीपेक्षा जास्त जणींनी आडवी बाटली निवडावी लागेल. घरी बसलेली प्रत्येक बाई, माहेरी गेलेली सून, आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेली आणि तरी यादीत राहिलेली मुलगी, वारलेली आजी, या सगळ्या हिशोबात दुकानाच्या बाजूने उभ्या असतात.

म्हणून पहिलं काम मोर्चा नव्हे. आधी मतदार यादी घ्या. गल्लीवार वाचा. मयत आणि कायमच्या गेलेल्यांची नावं काढायला मतदार यादीचा अर्ज नमुना ७, पहिल्यांदाच नोंदणाऱ्या मुलींसाठी नमुना ६, दुसऱ्या गावाहून नाव आणायच्या सुनांसाठी नमुना ८. याला काही महिने जातात, जाऊ द्या. मतदानाला कोणत्या तारखेची यादी धरणार, हे अर्ज दिला त्या कार्यालयाला लेखी विचारा. २९० सह्या हव्यात तर ३८० घ्या. पडताळणीत सही जुळत नाही, नाव यादीतल्यापेक्षा वेगळं लिहिलेलं असतं, ती बाई त्या दिवशी रानात असते. यादी क्रमांक, यादीतलं नाव जसंच्या तसं आणि सही, याच रकान्यांत घ्या. सही घेणारीने ती समोर करून घ्यावी. एकाच हाताने केलेल्या दहा सह्या दिसल्या की अख्ख्या अर्जावर संशय येतो. मतदानाच्या दिवशी सकाळी ११, दुपारी १ आणि ३ वाजता गल्लीवार कोण यायचं राहिलं ते बघायला प्रत्येक गल्लीला एक बाई नेमा. रोजंदारीवर जाणाऱ्यांना कामावर जायच्या आधी आणा.

या लढ्यात श्रद्धास्थानाचा उपयोग बायका रोज भेटतात म्हणून होतो. धाक दाखवायला त्याचा वापर झाला की तो लढा नासतो. देवळात बेलभंडारा उचलायला लावून शपथा घेणं, कुराणावर हात ठेवून वचन घेणं, दुकानदाराच्या घरच्यांना पंगतीतून उठवणं, त्यांच्या लग्नाला जायचं नाही असा फतवा काढणं, हे सगळं लोकांना पटकन सुचतं. शपथेने गुप्त मतदानाचा अर्थच जातो. वाळीत टाकणं तर गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा (२०१६ चा, ३ जुलै २०१७ पासून लागू) तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगतो. दुकानदाराचं घर गावातच राहणार आहे. बंद करायचं ते दुकान.

जागा, पैसा आणि कायद्याची कुंपणं

धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) अधिनियम, १९८८ नुसार श्रद्धास्थानाची जागा राजकीय कामासाठी वापरता येत नाही आणि जबाबदारी व्यवस्थापकावर येते. त्यातली ‘राजकीय’ ची व्याख्या पक्षाच्या प्रचारापुरती मर्यादित नाही, बरीच पसरट आहे. म्हणून सरळ शिस्त ठेवा. देवळात, मशिदीत, विहारात होईल ती गाठीभेट आणि निरोप. मागणीची सभा, अधिकाऱ्याला बोलावून केलेली बैठक, सह्या, मोर्चा हे शाळेत, समाजमंदिरात, पंचायतीच्या आवारात. विश्वस्तांनाही हे सोयीचं पडतं. त्यांची भीती बहुतेक वेळा जागेबद्दलच असते.

आचारसंहिता लागली की सार्वजनिक कार्यक्रम थांबवा. उमेदवार या काळात हार घेऊन येणारच. धर्माच्या नावाने मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचार आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ ला त्याची व्याप्ती मतदाराच्या धर्मापर्यंत नेली. गटातला कुणी स्वतः निवडणुकीला उभा राहणार असेल तर त्याने अर्ज भरायच्या आधी गट सोडावा. हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा, कारण नंतर लिहिला की तो एका माणसाविरुद्ध लिहिल्यासारखा दिसतो.

मोर्चा किंवा धरणं ठरलं तर पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा आणि जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) चा मनाई आदेश चालू आहे का ते विचारा. असेल तर पाच किंवा जास्त माणसांना परवानगीशिवाय जमता येत नाही. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद.

दानपेटीला हात लावू नका, विश्वस्त राजी असले तरी. नोंदणीकृत ट्रस्टचा पैसा त्या ट्रस्टच्या घटनेतल्या उद्देशांसाठीच खर्च करता येतो आणि उद्या एखाद्या असंतुष्टाने धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज केला की पाण्याचा प्रश्न बाजूला राहून हिशोबाचा प्रश्न सुरू होतो. गावातून वर्गणी फिरवायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क ची परवानगी पाहावी लागते. खरं तर एवढा पैसा लागतच नाही. झेरॉक्स, स्टॅम्प, तालुक्याचं एसटी भाडं. गटातल्यांनी आपापसात काढावं, एका वहीत लिहावं आणि दर महिन्याला मोठ्याने वाचावं.

कुठे बिघडतं

कीर्तनकार मोठा असला की तोच चळवळ होऊन बसतो. त्याला सुरुवातीची पाच मिनिटं द्या, मागणी मात्र गावातल्या माणसानेच वाचावी. महाराज पुढच्या गावी जातात, पाठपुरावा इथल्यांना करायचा असतो.

बहुसंख्यांच्या प्रार्थनेने प्रत्येक बैठक सुरू झाली की तिसऱ्या बैठकीपासून बाकीचे येणं बंद करतात, आणि कुणी कारण सांगत नाही. एक मिनिट शांतता ठेवा, किंवा आळीपाळीने एकेका ठिकाणच्या माणसाने दोन ओळी म्हणाव्यात. बैठकीत सगळे जेवणार असतील तर जेवण सगळ्यांना चालेल असं हवं आणि पंगत एकच हवी. पंगत वेगळी बसली तर समितीही वेगळी बसते.

आश्वासन मिळालं की टाळ्या वाजवून लोक घरी जातात. अधिकाऱ्याची तारीख मिळाल्यावर त्याच ठिकाणी ‘त्या तारखेला बघायला कोण येणार’ हे ठरवा. दोन नावं, आणि तारखेच्या आठ दिवस आधी आठवणीचं पत्र, मागच्या ठरावाच्या प्रतीसह. अधिकाऱ्याची बदली झाली तर नव्याला पहिल्याच आठवड्यात भेटा. आधीच्याचं तोंडी आश्वासन त्याच्याबरोबर गेलेलं असतं.

प्रत्येक कार्यक्रमानंतर गटाने त्याच जागी वीस मिनिटं बसायचं. ठरवलेले किती आले? कोण नीट बोललं, कोण लांबलं? समोरच्याने काय टाळलं? नवीन कोण पुढे आलं? शेवटचं उत्तर वहीत लिहा, कारण पुढच्या वेळी मसुदा त्याच माणसाने वाचायचा आहे. तेच तिघं वर्षभर बोलत राहिले तर बाकीचे पुन्हा श्रोते होतात.

काम झाल्यावर नारळ फोडायला आमदारसाहेब येतील. येऊ द्या, फक्त फलकावर श्रद्धास्थानाचं नाव टाकू नका आणि गटाचंही नको. व्हॉल्व्ह बसला, तर त्याची चावी कुणाकडे, पाणी सोडणाऱ्याचा फोन कुठे लिहिलाय, गळती झाली तर कळवायचं कुणाला, हे त्याच दिवशी ठरवा. पाणी नीट आहे का ते बघायला फील्ड टेस्ट किट गावात असतं आणि ते हाताळायला पाच महिलांना प्रशिक्षण द्यायची जल जीवन मिशनमध्ये तरतूद आहे. त्या पाच कोण ते विचारा. नसतील तर गटातल्या बायकांची नावं द्या. दुसरी मागणी घ्यायच्या आधी जुन्या वह्या काढून ज्यांची गाऱ्हाणी पहिल्या मागणीत बसली नव्हती, त्या घरी आधी जा.